गोळी चुकवू नका

रामटेके मॅडम वर्गात आल्या की आधी पंखे बंद करायला लावायच्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक, आणि आमच्या कॉलेजच्या जुन्या लेक्चर हॉलमधले पंखे खडखडाट करत फिरायचे. नागपूरचा एप्रिल, वर्ग गच्च भरलेला, आणि पंखे बंद. थोड्या वेळात सगळ्यांच्या पाठी ओल्या व्हायच्या. मग मॅडम खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घाम येऊन राहिला? चांगलं झालं. ओठावरचा चाटून पाहा."

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांकडे बघून हसायची. कोणीतरी चाटायचं.

"कसा लागते?"

"खारट, मॅडम."

"काहून?"

काहून म्हणजे का. या एका शब्दावर त्यांचा अख्खा तास चालायचा. उत्तर आलं की पुन्हा 'काहून', त्याचं उत्तर आलं की पुन्हा 'काहून'. मुलं त्यांना मागे 'काहून मॅडम' म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढे त्यांच्याच फिजिऑलॉजी विभागात शिकवायला लागले. त्यांना जाऊन आता काही काळ झाला आहे. किडनीचा धडा आता मी शिकवते. पंखे मात्र मी बंद करत नाही, माझ्याकडे तेवढा धीर नाही.

किडनी हा त्यांचा जीव की प्राण. किडन्यांना त्या 'दोघी बहिणी' म्हणायच्या.

"कमरेच्या मागं दोघी बहिणी बसल्या आहेत. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, रक्ताचा जोर उतरला, की त्या घाबरतात. रेनिन नावाचं एक हार्मोन रक्तात सोडतात. रेनिन दुसऱ्याले उठवते, दुसरं तिसऱ्याले. शेवटी रक्ताच्या नळ्या आवळल्या जातात, लघवीत चाललेलं मीठ परत अंगात ओढलं जाते, अन् दाब जागेवर येते. हे रेनिन नसतं तर आपले आजे-पणजे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडता-तोडताच आडवे झाले असते."

"आणि मीठ जास्त खाल्लं तर?" पुढच्या बाकावरून हमखास कोणीतरी विचारायचं.

"मग रेनिन कमी होते. बहिणी गप बसतात, जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. पण काही लोकांच्या किडनीले ते झेपत नाही. रेनिन गप असूनही दाब चढतच राहते. अन् तो चढलेला दाब हळूहळू त्या बहिणींचाच जीव घेते. दुखत नाही, खुपत नाही. माणसाले पत्ताच लागत नाही."

'पत्ताच लागत नाही' म्हणताना त्यांचा बारीक आवाज आणखी खाली जायचा. त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. जर्नल तपासता तपासता त्या आपल्या आईबद्दल बोलायला लागल्या. आई बिडीच्या कारखान्यात जायची. घरात भाजी क्वचित. भाकरीबरोबर मीठ आणि लाल मिरची पाट्यावर वाटलेली, वर असलंच तर थेंबभर तेल. लेकरं ती चाटून चाटून भाकर संपवायची. कुसुमला, म्हणजे मॅडमना, मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा आईनं अख्ख्या मोहल्ल्यात गूळ वाटला. आणि कुसुम तिसऱ्या वर्षाला असताना आई चुलीसमोर बसल्या जागी कलंडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"माह्या पिशवीत बीपीचं मशीन होतं वं," मॅडम म्हणाल्या. "रोज वॉर्डात लोकांचा दाब मोजत होती मी. घरी येऊन आईच्या दंडाले एकदाही पट्टा बांधला नाही. चांगली धट्टीकट्टी दिसे ना ती. कायले मोजतो?"

त्यांनी जर्नल मिटलं आणि पुढचं उघडलं. त्यानंतर आईचा विषय माझ्यासमोर त्यांनी कधी काढला नाही.

मिठाशी त्यांचं वैर होतं ते असं. स्टाफरूममध्ये कोणाचाही डबा उघडला की मॅडम चमचा घेऊन हजर. चाखायच्या आणि निकाल द्यायच्या. "दाळ ठीक आहे. लोणच्याची फोड काढून ठेव. पापड मले दे, मी फेकतो." कोणाचा राग वगैरे त्यांच्या खिजगणतीत नसायचा. एकदा आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी सगळं अळणीच असतं." दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुलांसाठी प्रयोग ठरवला. अंगात गेलेलं बहुतेक मीठ लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून विभागातल्या प्रत्येकानं दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमा करून आणायची. विभागप्रमुखांना नाही म्हणता येईना. तेही गुपचूप, कॅनवर वर्तमानपत्र गुंडाळून, घेऊन आले. सगळ्यात जास्त मीठ त्यांच्याच कॅनमध्ये निघालं.

"शक्य नाही," ते म्हणाले.

"सकाळी चहासोबत काय खाता सर?"

"काही नाही. खारी. दोन-चार टोस्ट."

"अन् संध्याकाळी?"

"थोडा चिवडा."

"सर, माणूस विसरते. लघवी नाही विसरत."

मुलं हसली, विभागप्रमुखही हसले. पण त्यांच्या टेबलावरची खारी त्या दिवसापासून गेली.

मॅडमचा खरा सामना मात्र घरी होता. त्यांचे पती वसंतराव रामटेके शाळेत पीटीचे शिक्षक. निवृत्तीनंतरही कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. सहा फुटी, गळ्यात कायम शिट्टी, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा खेळाडू दचकावा. त्यांना आम्ही सर म्हणायचो. जरीपटक्याच्या बाजारामागे त्यांचं छोटं घर. त्या घरात मी पहिल्यांदा जेवले तेव्हा सरांनी डोळा मारून मला सांगितलं, "बेटा, आमच्या घरी जेवाले येजो, पण खिशात मीठ घेऊन येजो."

"ऐकू येते मले," स्वयंपाकघरातून मॅडम.

"ऐकाले येते, पण भाजीत दिसत नाही ना!"

मॅडम मिठाऐवजी लिंबू पिळायच्या, जिरं भाजून घालायच्या, मूठमूठ सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकायच्या. वाईट लागायचं नाही. पण सर झणझणीत रश्शाच्या तर्री-पोह्यांवर वाढलेले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि चौकातल्या ठेल्यावर उभे राहायचे. परत आले की मॅडम दारातच त्यांच्या मिशीचा वास घ्यायच्या. सर पकडले जायचे आणि शाळकरी पोरासारखे मान खाली घालून उभे राहायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघं या खेळाला कंटाळले नव्हते.

मग सरांचा दाब वाढला. एकदा मैदानात भोवळ आली तेव्हा मोजला, तर खूप चढलेला. गोळी सुरू झाली. एकाच गोळीत दोन औषधं. रेनिनचं पुढचं काम अडवणारं एक आणि लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं दुसरं. मॅडमनी त्यांना समोर बसवलं आणि पहिल्यांदाच न हसता बोलल्या. "माही आई गेली. तुम्ही नाही जायचं. मीठ बंद. अन् गोळी एक दिवस चुकवाची नाही. लग्न असो, मयत असो, गोळी म्हणजे गोळी."

सरांनी ते मनावर घेतलं. ठेला सुटला. पापड सुटला. लोकांकडे जेवायला गेले तर स्वतःहून सांगायचे, "मले वरून मीठ नको." दाब उतरला, छान उतरला. मॅडम इतक्या खूश की वर्गात उदाहरण द्यायच्या. "आमच्या घरी एक पेशंट आहे. आडदांड. तोही सुधरला. तुमचे पेशंट काहून नाही सुधरणार?"

ते वर्ष तापलेलं होतं. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. मॅडम विद्यापीठाच्या परीक्षेसाठी परीक्षक म्हणून बाहेरगावी गेल्या होत्या. सर घरी एकटे. मुलगी प्रज्ञा लग्न होऊन बेसाला राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचे कबड्डीचे सामने, सर पंच. पंचगिरीनं गुडघे धरले म्हणून औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून ते घ्यायला लागले होते. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

एका लग्नात जेवून आल्यावर पोट बिघडलं. जुलाब, उलट्या. सकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा सरांनी आवाज ठणठणीत ठेवला. हे मला नंतर मॅडमनीच सांगितलं, एकेक शब्द.

"काही नाही वं, थोडं पोट गडबड आहे."

"पाणी प्या भरपूर. अन् गोळी?"

"घेतली ना."

"चुकवू नका."

त्या दिवशी परीक्षा चालू होती, मुलं रांगेत उभी होती. मॅडमनी फोन ठेवला.

शेजारच्या शेंडे काकू दुपारी डोकावल्या तर सर खाटेवर पडलेले, ओठ सुकलेले. काकूंनी पटकन साखर-मिठाचं पाणी करून आणलं. सरांनी तोंडाजवळ नेलं, एक घोट घेतला आणि पेला बाजूला केला.

"मीठ आहे याच्यात."

"मंग! असतेच ना सर. जुलाबाचं पाणी आहे ते."

"नको काकू. मॅडम रागावन. साधं पाणी द्या."

काकूंनी आग्रह केला, मग साधं पाणी दिलं. त्या बाईचं यात काय चुकलं? पुढे कित्येक महिने ती मात्र येईल-जाईल त्याला हेच सांगत राहिली, आणि दर वेळी पदर तोंडाला लावायची.

प्रज्ञानं फोन केला तर तिलाही सर म्हणाले, बरं आहे, तू उन्हाची येऊ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा गोळी घेतली. गुडघ्याचीही घेतली. दुपारी मॅडम घरी आल्या. सर खाटेवर उठून बसले, हसले, पण बोलताना जीभ जड. मॅडमनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"लघवी कधी केली?"

सर आठवायला लागले. "काल... काल सकाळी असन."

मॅडम पुढे मला म्हणाल्या, "त्या एका क्षणात मले सगळं समजलं वं वंदना. कॉलेजात जे शिकवतो ना मी, ते सगळं माह्या घरात, माह्या खाटेवर होऊन राहिलं होतं."

अंगातलं पाणी आटलं होतं. अशा वेळी किडनीनं रेनिन सोडायचं, रक्ताच्या नळ्या आवळायच्या, कशीबशी आपल्या गाळणीतली धार चालू ठेवायची. ती वाट गोळीनं अडवली होती. किडनीकडे रक्त आणणारी नळी मोकळी ठेवायची दुसरी एक सोय शरीरात असते. ती गुडघ्याच्या गोळीनं बंद केली होती. त्याच गोळीतलं दुसरं औषध उरलेलं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढत होतं. आणि वरून मीठ येत नव्हतं, कारण माणूस शहाणा झाला होता.

दवाखान्यात नेलं. किडनीचा डॉक्टर मॅडमचाच जुना विद्यार्थी निघाला. डायलिसिस सुरू झालं. तो म्हणाला, अशा किडन्या पुष्कळदा परत उठतात, थोडा धीर धरा. आणि खरोखर काही दिवसांनी पिशवीत लघवीचे थेंब दिसायला लागले. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम वाकून त्या पिशवीकडे बघत होत्या. "उठून राहिल्या बहिणी," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात एवढं एकच वाक्य त्या हसून बोलल्या. सरही शुद्धीवर होते. मला बघून पुटपुटले, "बेटा, इथलं जेवण तर आपल्या घरच्यापेक्षाही अळणी आहे." मॅडमनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

मग छातीत संसर्ग झाला. ताप उतरेना. एका सकाळी सर गेले.

त्या तरुण डॉक्टरानं व्हरांड्यात मॅडमचे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमची यात काही चूक नाही."

"काहून?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी खरंच उत्तराची वाट पाहिली. कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मग आपले हात सोडवून घेतले आणि आत गेल्या.

लोकांना वाटलं होतं, मॅडम आता कॉलेजात येणार नाहीत. त्या आल्या. पांढरी साडी, तीच पिशवी. स्टाफरूममध्ये कोणाचा डबा मात्र त्यांनी त्यानंतर चाखला नाही. आम्ही मुद्दाम त्यांच्यासमोर डबे उघडायचो, पापड काढून ठेवायचो. त्या खिडकीबाहेर बघत चहा प्यायच्या. प्रज्ञा म्हणायची, आई एकटीच घरात फिरते आणि मोठ्यानं तो फोन पुन्हा पुन्हा बोलते. एकदा गोळी चुकवू नका म्हणते, एकदा आज गोळी घेऊ नका म्हणते.

त्या वर्षीचा किडनीचा धडा आला तेव्हा विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, या वेळी तुम्ही घ्या. मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मीच घेणार. तू मागं बस."

पंखे बंद झाले. घाम चाटून झाला. दोघी बहिणी, रेनिन, सगळं नेहमीसारखं झालं. मग त्यांनी फळा पुसला आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"आता एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचा दाब चढला होता. त्यानं मीठ सोडलं. बरोबर केलं. गोळी नियमानं घेतली. बरोबर केलं. मग एक दिवस त्याले जुलाब लागले." त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. गुडघ्याची गोळी, सुकलेले ओठ, बाजूला केलेला पेला. कोणाचं नाव घेतलं नाही. मुलांच्या पाठी निथळत होत्या.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नवीन होती, तिला काही माहीत नव्हतं. "मॅडम, जुलाब होत असताना ती गोळी थांबवावी लागते, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं का?"

मी डोळे मिटून घेतले.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याची बायको डॉक्टर होती. तिले सगळं माहीत होतं. तिनं त्याले सांगितलं, गोळी चुकवू नका."

ती मुलगी उभीच राहिली. वर्गातल्या कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण पुढच्या ओळीतल्या एका मुलानं मान खाली घातली.

"खाली बस बेटा," मॅडम म्हणाल्या. "तू बरोबर विचारलं. मीठ कमीच खा. मी तेव्हाही बरोबर सांगत होती, आताही सांगून राहिली. पण पेशंटले गोळी लिहून द्याल ना, तेव्हा एवढं नक्की सांगा. जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी चाललं, तर गोळी गिळायच्या आधी डॉक्टरले विचारजो. दुखण्याची गोळी मनानं घेऊ नको. मीठ-साखरेचं पाणी पिजो. घरच्या माणसालेही सांगा. घरच्याले तर आधी सांगा. घरी आपण डॉक्टर नसतो."

तास संपल्यावर त्या नेहमीप्रमाणे खडूचे हात झटकत बाहेर पडल्या. जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. त्याच म्हणाल्या, "पंखे लाव वं पोरांचे. हैराण झाले असन."

निवृत्त झाल्यावर त्या प्रज्ञाकडे बेसाला राहायला गेल्या. शांत झाल्या असं मी म्हणणार नाही. तब्येत खालावत गेली, जेवण तुटलं, प्रज्ञाशीही फारसं बोलत नसत. फक्त आठवड्यातून काही दिवस ऑटोनं शहरात यायच्या आणि डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बाकावर जाऊन बसायच्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. खेड्यापाड्यातून आलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांचं बोलणं समजत नाही, ते त्या समजावून सांगायच्या. कोणाला खोटा धीर द्यायच्या नाहीत. त्यामुळे काही लोक त्यांना टाळायचे, आणि काही त्यांनाच शोधत यायचे.

एका कामासाठी मी तिथे गेले होते. व्हरांड्यात गर्दी होती. मॅडम भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या, खूपच वाळलेल्या. शेजारी तिशीतली एक बाई, हातात नवऱ्याची चप्पल धरलेली.

"खरं सांगा बाई," ती विचारत होती, "माह्या माणसाच्या किडन्या परत चालू होईन का?"

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिले. "नाही वं माय. त्याच्या नाही होणार."

बाई रडली नाही. तिनं हातातली चप्पल मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "इतक्या दिवसांत कोणी सांगितलंच नाही. सगळे म्हणत, पाहू." आणि बसल्या बसल्या तिची मान मॅडमच्या खांद्यावर कलली. किती दिवसांची जागी होती कोण जाणे, तिथेच तिला झोप लागली.

मी पुढे झाले. मॅडमनी मला पाहिलं. त्यांचा खांदा अवघडला होता, चेहऱ्यावर कळ दिसत होती, पण त्या तसूभरही हलल्या नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, आणि डोळ्यांनीच मला सांगितलं, जा.